चौथ्या वाफ्यातला हिरवा गोल

हरभऱ्याचा सगळा वाफा पिवळट पडला होता आणि त्याच्या एका कोपऱ्यात परातीएवढा गोल हिरवागार उभा होता. गोलाच्या आतली अकरा रोपं तरतरीत, बाहेरची मरगळलेली. बी एकच, पेरणीचा दिवस एकच, पाणी एकच, वरचे दिवेही एकच. मग हा गोल आला कुठून?

हा प्रश्न सर्वांत आधी मोजूला पडला. मोजू हा आमच्या शेतावरचा यंत्रमानव. रोज सकाळी तो प्रत्येक रोपावरून डोळा फिरवायचा आणि पानांची संख्या, उंची, रंग असं सगळं टिपून ठेवायचा. त्या दिवशी तो म्हणाला, "चौथ्या वाफ्यातली अकरा रोपं अपेक्षेपेक्षा जास्त हिरवी आहेत. कारण अज्ञात." मोजूच्या तोंडून 'अज्ञात' हा शब्द निघाला की आमच्याकडची मोठी माणसं हातातलं काम सोडून धावत. का, ते सांगते.

मी मिथिला गर्जे. तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि आम्ही चंद्रावर राहत होतो. चंद्राच्या पोटात लाव्हानळ्या आहेत (लाव्हानळी म्हणजे फार पूर्वी वितळलेला खडक वाहून गेल्यावर मागे राहिलेला लांबलचक पोकळ बोगदा). त्यातल्या एका नळीला दोन्हीकडून दारं बसवून आत हवा भरली होती आणि तिथे आमची चाळीस माणसांची वस्ती होती. कागदोपत्री नाव 'चांद्र वसाहत तीन'. आम्ही म्हणायचो नळीवाडी. आईबाबा बर्फाच्या खाणीवर कामाला, पंधरा पंधरा दिवस बाहेर. त्यामुळे मी असायचे आबांकडे, म्हणजे माझ्या आजोबांकडे. डॉ. त्र्यंबक गर्जे हे मृदाशास्त्रज्ञ (मातीचा अभ्यास करणारे) आणि नळीवाडीच्या शेतीचे प्रमुख. शेती म्हणजे बॅडमिंटनच्या मैदानाएवढे सहा वाफे. चंद्राचा खडक दळून त्यात पृथ्वीवरून आणलेलं कंपोस्ट मिसळलं, की झाली आमची माती.

आबांचं एकच म्हणणं असायचं, नोंद चोख तर शेत चोख. नोंदवहीत जे बरोबर आहे ते शेतात चूक असूच शकत नाही, असा त्यांचा पक्का विश्वास होता. आजोबा असले म्हणून काय झालं, मला हे तेव्हाही पटत नव्हतं.

कारण नोंदवहीप्रमाणे आमचं शेत झकास चालायला हवं होतं. आम्ही पिकांची फेरपालट करत होतो (एकाच जमिनीत दर हंगामाला तेच पीक न घेता बदलून वेगळं घेणं). गहू जमिनीतला नायट्रोजन खातो आणि हरभरा तो परत भरून काढतो, म्हणून गव्हानंतर हरभरा, हरभऱ्यानंतर पुन्हा गहू. पहिला गहू छान आला, कारण त्याला पृथ्वीवरून आणलेलं खत होतं. मग हरभरा घेतला. त्यानंतरचा गहू मात्र निम्मासुद्धा आला नाही, आणि जो आला तो पिवळा. पृथ्वीवरच्या कार्यालयाने कळवलं, आणखी एक हरभरा, आणखी एक गहू. तोही फसला तर शेती बंद, डब्यातलं अन्न चालू, आणि मुलं असलेली कुटुंबं पृथ्वीवर परत. म्हणजे मी परत, आईबाबा परत.

आणि आता दुसरा हरभराही पिवळा पडला होता, त्यात हा गोल.

नळीवाडीचा सगळ्यात कडक नियम जंतूंचा होता. बंद नळीत एखादा रोग शिरला तर पळायला जागा नाही. म्हणून पृथ्वीवरून आलेली वस्तू दाराशी असलेल्या भट्टीत दोन तास तापवूनच आत यायची. ओळख न पटलेलं काही शेतात उगवलं, पसरलं, तर तीन दिवसांत शेतातली सगळी माती भाजून काढायची. पिकासकट.

"आबा, पण ती रोपं चांगली दिसतायत की," मी म्हणाले. "हिरव्या रोपाला कुणी आजारी म्हणतं का?"

"म्हणतात," आबा म्हणाले. त्यांचा आवाज दमलेला होता. "भातावर एक बुरशी येते. ती रोपाला आधी भराभर उंच वाढवते आणि मग मारते. दिसण्यावर जाऊ नये. कारण सापडलं नाही तर परवा दुपारी भट्टी पेटवावी लागेल."

भाजलेल्या वाफ्यांत नव्याने हरभरा पेरून मग गहू घ्यायला वेळ उरणार नव्हता. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मला काही सुचेना, तेव्हा मी शेतात जाऊन बसले. वरून बघण्यासारखं जे होतं ते मोजूने शंभरदा बघून झालं होतं. खाली काय आहे ते मात्र कुणीच पाहिलं नव्हतं, कारण रोप उपटायला सक्त मनाई होती. सहा वाफ्यांच्या शेतात एकेक रोप म्हणजे अन्न, उगाच कोण उपटू देईल? मी इकडेतिकडे पाहिलं आणि बाहेरचं एक पिवळं रोप उपटलं. मग गोलातलं एक हिरवं.

"दोन रोपं कमी झाली आहेत," मोजू लगेच म्हणाला.

"माहीत आहे," मी म्हणाले.

पिवळ्या रोपाची मुळं पांढरी, स्वच्छ, घासून धुतल्यासारखी. हिरव्या रोपाच्या मुळांना मात्र ठिकठिकाणी फोड आले होते. काही मोहरीएवढे, काही ज्वारीच्या दाण्याएवढे. म्हणजे आबांचंच खरं, हा रोगच.

आबांकडे जायचं धैर्य होईना, म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. तिथे शेवंताकाकू होत्या. चाळीस माणसांचं जेवण त्या आणि त्यांच्या हाताखालची दोन यंत्रं मिळून रांधत. काकू परभणीकडच्या, सेलूजवळच्या एका खेड्यातल्या. जन्म शेतात गेलेला. पन्नाशी उलटल्यावर परीक्षा देऊन चंद्रावर आल्या आणि आल्या दिवसापासून सगळ्या नळीवाडीला लेकरा म्हणूनच हाक मारू लागल्या. कमांडर मॅडमनासुद्धा.

"काय गं माय, तोंड काहून उतरलंय?" काकूंनी विचारलं.

"काकू, हरभऱ्याच्या मुळांना फोड आलेत," मी म्हणाले आणि रोप पुढे केलं.

काकूंनी ते दिव्याखाली धरलं आणि हसल्या. "फोड कशाचे, ह्या गाठी हायेत. आमच्या रानात हरभरा उपटला की मुळाला अशाच असायच्या. चांगलं असतंय ते. गाठी नसल्या की माझे सासरे म्हणायचे, रान अजून नवं हाय, हरभऱ्याला ओळखीना." बोलता बोलता त्या थांबल्या. "हे रोप कुठलं म्हणालीस?"

"त्या गोलातलं."

काकू स्टुलावर खाली बसल्या. मग म्हणाल्या, "मिथे, तो गोल माझ्यामुळं झालाय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. नवरात्रात त्या घट बसवतात. तुमच्या घरी बसत असेल तर तुम्हाला माहीत असेलच. शेतातली माती आणून पत्रावळीवर पसरायची, त्यात गहू, ज्वारी, हरभरा, मूग असं धान्य पेरायचं, मधोमध पाण्याचा घट ठेवायचा आणि नऊ दिवस पाणी घालायचं. दसऱ्यापर्यंत धान्य वीतभर उगवून येतं. कोणतं बी जोमाने उगवतंय ते पेरणीआधी यात आपसूक कळतं. तीस वर्षं काकूंचा घट चुकला नव्हता. चंद्रावर तो चुकू नये म्हणून त्यांनी आपल्या रानातली मूठभर माती आणली होती.

"पण भट्टीतून कशी सुटली?" मी विचारलं.

"हिंग्वाष्टक चूर्णाच्या बाटलीत घातली," काकू खाली मान घालून म्हणाल्या. "औषधं भट्टीत घालत नसतेत. तापली की वाया जातेत म्हणून."

"आणि ती शेतात कशी गेली?"

"घटाची माती कचऱ्यात टाकत नसतेत, लेकरा. ज्या रानाची त्या रानात द्यायची. माझं रान इथं आणू कुठून? मग दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या आबांच्या वाफ्यात, कोपऱ्यात, हळूच ओतली. रोपांसकट. वरून माती लोटली. पुढं आठ दिवसांनी तिथंच हरभरा पेरला तुम्ही."

गोल कुठून आला ते मला एकदम लख्ख कळलं आणि त्याच क्षणी रडू आलं. न तापवलेली जिवंत वस्तू जो आत आणेल त्याला पुढच्या यानाने परत पाठवायचं, असा नियम होता. यान वर्षातून दोनदा यायचं. पुढचं जूनमध्ये.

"काकू, सांगू नका. मीही कुणाला सांगणार नाही."

"आणि शेत भाजू देऊ?" काकू उठल्या, हात धुतले, पुसले. "पोळ्या लाटणाऱ्या बाईनं गहू जळू द्यावा का? रडायलीस कशाला? चल तुझ्या आबांकडं."

आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते भयंकर चिडले. "शेवंताबाई, तीन वर्षं," ते म्हणाले. "तीन वर्षं मी इथे एक किडा शिरू दिला नाही. आणि तुम्ही चूर्णाच्या बाटलीत..." तेवढ्यात त्यांची नजर माझ्या हातातल्या रोपाकडे गेली.

त्यांनी ते माझ्याकडून जवळजवळ ओढूनच घेतलं. भिंग लावलं. एक गाठ पात्याने कापली. गाठीच्या आत गुलाबी रंग होता. आबा त्या गुलाबी रंगाकडे बघत राहिले. मग पिवळ्या रोपाची स्वच्छ मुळं बघितली. त्यांचा राग कुठल्या कुठे गेला.

"मोजू," ते हळू आवाजात म्हणाले, "जिवाणू संवर्धकाची नोंद काढ." (जिवाणू संवर्धक म्हणजे पेरणीआधी बियाण्याला चोळायची, उपयोगी जिवाणूंनी भरलेली भुकटी.)

मोजूने वाचलं, "पुडी, रायझोबियम. वर्ग, शेतीमाल. दाराशी भट्टीत एकशे साठ अंशांवर दोन तास. नंतर बियाण्याला चोळली. नोंद पूर्ण."

"नोंद पूर्ण," आबा म्हणाले. "दोन हंगाम मी बियाण्याला राख चोळत होतो, मिथिला. औषधं वाया जातील म्हणून आपण ती भट्टीत घालत नाही. आणि ही जिवंत पुडी, शेतीमाल म्हणून खुशाल भाजली. मी बरोबरची खूण केली आणि मुळं उपटून एकदाही बघितली नाहीत."

आबांना चूक कबूल करताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. काकू म्हणाल्या, "डॉक्टर, आधी मला सांगा, रोग हाय का नाही?"

"रोग नाही," आबा म्हणाले आणि खुर्चीत मागे टेकले. "रोग नाही हो. हेच तर आपण शोधत होतो."

मग त्यांनी आम्हा दोघींना समोर बसवलं. "नळीतल्या हवेत नायट्रोजन किती?"

"शंभरातले अठ्ठ्याहत्तर भाग," मी सांगितलं.

"मग गहू उपाशी का राहतो?"

मी काकूंकडे पाहिलं, काकूंनी माझ्याकडे.

"रोपाला प्रथिनं बनवायला नायट्रोजन लागतो. पानांतला हिरवा रंगही त्याच्याशिवाय बनत नाही. कमी पडला की रोप खालच्या जुन्या पानांतला नायट्रोजन काढून वरच्या कोवळ्या पानांना देतं, म्हणून आधी खालची पानं पिवळी पडतात. आता हवेतल्या नायट्रोजनचे अणू असतात जोडीजोडीने, एकमेकांना तीन बंधांनी घट्ट धरून. रोपाला ती जोडी सोडवता येत नाही. झाडाखाली नारळांचा ढीग आहे, पण फोडायला कोयता नाही, तसं समज. खोबरं भरपूर आणि पोट रिकामं."

"कोयता कुणाकडं असतो?" काकूंनी विचारलं.

"रायझोबियमकडे. हे शेंगा येणाऱ्या पिकांच्या मुळांत राहणारे जिवाणू. त्यांच्याकडे नायट्रोजिनेज नावाचं विकर असतं (विकर म्हणजे सजीवांच्या शरीरातली एखादी क्रिया झटपट घडवून आणणारं प्रथिन). ते जोडी फोडून नायट्रोजनचं रोपाला घेता येईल असं रूप बनवतं. हरभऱ्याची मुळं मातीत एक द्रव्य सोडून या जिवाणूंना बोलावतात. ते आले की मुळावरचा केसासारखा बारीक तंतू वाकून त्यांना आत घेतो आणि तिथे गाठ तयार होते. रोप त्यांना साखर देतं, ते रोपाला नायट्रोजन देतात. पण बोलावणं ज्याचं त्याचं वेगळं. हरभऱ्याचे जिवाणू मुगाच्या मुळात राहत नाहीत. शेवंताबाईंच्या रानात हरभरा वर्षानुवर्षं होत होता, म्हणून त्या मुठीत नेमके हरभऱ्याचे जिवाणू होते."

"आणि गुलाबी रंग?" मी विचारलं.

"तीच तर सगळ्यात मोठी गंमत आहे. त्या विकराला प्राणवायू सोसत नाही, पण जिवाणूंना श्वासाला प्राणवायू तर हवा. म्हणून गाठीत लेगहिमोग्लोबिन असतं, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं भावंड. ते प्राणवायू धरून ठेवतं आणि बेताबेताने देतं. गाठ आतून गुलाबी म्हणजे काम चालू. पांढरट किंवा हिरवट म्हणजे काम बंद."

मी विचार करत होते. "म्हणजे ज्या हरभऱ्याला जिवाणू मिळालेच नाहीत, त्याने काय खाल्लं?"

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला फार बरं वाटलं. "मातीतलाच नायट्रोजन. गव्हासारखाच. आपल्याला वाटत होतं एक खाणारा, एक देणारा अशी फेरपालट चाललीय. खरं तर दोन्ही खाणारेच होते."

"अन् खाल्लेलं परत कसं येतं जमिनीत?" काकू म्हणाल्या. "हरभरा तर आपण खातो."

"दाण्यातला नायट्रोजन आपल्या पोटात जातो, खरंय. पण मुळं, गाठी, पाला मागे राहतो. तो कुजवणारे जिवाणू वेगळे. ते त्यातला नायट्रोजन मोकळा करतात, दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट बनवतात (पाण्यात विरघळणारं, मुळांना सहज पिता येणारं रूप), आणि मग तो गव्हाला मिळतो. कुजवणारे आपल्याकडे आहेत, तुमच्या ओल्या कचऱ्याच्या टाकीतून आलेले. फक्त त्यांना कुजवायला नायट्रोजनवालं काही मिळत नव्हतं. म्हणून यंदा हरभरा उपटायचा नाही. जमिनीलगत कापायचा, मुळं आतच ठेवायची."

"आमच्याकडं उपटतेत," काकू म्हणाल्या.

"इथे कापायचा," आबा म्हणाले. "आणखी एक. प्रत्येक पिकाची मुळं वेगवेगळे रस पाझरतात आणि वेगवेगळ्या जिवाणूंना पोसतात. पीक बदललं की मातीत अनेक प्रकार नांदतात. तेच ते पीक घेतलं तर त्याच पिकावर जगणारे माजतात, त्यात रोग करणारेही आले."

"रोज एकच पदार्थ रांधला की पंगतीला तेच तेच येऊन बसणार," काकू म्हणाल्या. आबांनी मान डोलावली.

माझ्या मनात एक भीती होती ती मी बोलून टाकली. "गाठी हवेतला नायट्रोजन घेत राहिल्या तर नळीतली हवा संपेल का?"

"नाही. त्या घेतात तो अगदी थोडा. शिवाय काही जिवाणू उलटं काम करतात, नायट्रेटचा पुन्हा वायू करून हवेत सोडतात. फिरतं चक्र आहे. नायट्रोजनचक्र त्यालाच म्हणतात."

संध्याकाळी कमांडर यास्मिन मुजावर आल्या. आबांनी काही लपवलं नाही. काकूंनीही नाही. मुजावर मॅडमनी भिंगातून गुलाबी गाठ पाहिली, पुडीची नोंद पाहिली आणि भट्टी थांबवली. मला वाटलं संपलं सगळं, आता निवांत. पण त्या पुढे म्हणाल्या, "काकू, तुमच्याविषयी मला मनापासून आदर आहे. पण असंच उद्या कुणी रोगाचे जंतू आणले तर चाळीस माणसांचं काय? नियमाप्रमाणे जूनच्या यानात तुमची जागा धरावी लागेल. गव्हाने दाखवून दिलं की ही माती खरंच उपयोगी आहे, तर नियमच बदलायला हवा असं मी पृथ्वीला लिहू शकेन. तोवर माझा इलाज नाही."

"बरोबर हाय तुझं, लेकरा," काकू म्हणाल्या. त्यांच्या जागी मी असते तर भांडले असते.

आबांनी गोलातल्या मातीची बारा दिवस तपासणी केली. सूक्ष्मदर्शकातून पाहिली, बशीत वाढवून पाहिली. अपायकारक काही निघालं नाही. मग ती पाण्यात कालवून चौथ्या वाफ्याच्या सगळ्या ओळींना दिली. शेजारच्या पाचव्या वाफ्यातही हरभराच होता, त्याला नुसतं पाणी.

"पाचव्याला का नाही? सगळ्यांनाच द्या ना," मी म्हणाले. मला काकूंना वाचवायची घाई होती.

"सगळ्यांना दिली तर फरक कशामुळे पडला हे सांगणार कसं? काकूंसाठीच तर पाचवा वाफा तसाच ठेवायचा," आबा म्हणाले.

माती दिल्यापासून बाविसाव्या दिवशी हिरवा रंग गोलातून बाहेर पडून ओळींमध्ये सरकलेला दिसला. आबांनी स्वतः एक रोप उपटलं. मोजू म्हणाला, "एक रोप कमी झालं आहे." आबा म्हणाले, "आणि एक गोष्ट कळली आहे. तीही लिही." तेव्हापासून दर शुक्रवारी प्रत्येक वाफ्यातलं एक रोप उपटून मुळं बघायची, असा नियम झाला. दोन्ही वाफ्यांतला हरभरा कापला. मुळं जमिनीत राहिली. फेब्रुवारीत दोन्हीकडे गहू पेरला, एकाच पोत्यातला.

ते तीन महिने मला अजिबात आवडले नाहीत. मी रोज दोन्ही वाफ्यांसमोर उभी राहायचे आणि काहीच फरक दिसायचा नाही. काकू वरून हसतमुख होत्या, पण आमटीत मीठ घालायला तीनदा विसरल्या. चाळीस माणसं बिनमिठाची आमटी मुकाट्याने जेवली. मार्चच्या शेवटी पाचव्या वाफ्याची खालची पानं पिवळी पडायला लागली. चौथ्याची पडली नाहीत. मी रोज जाऊन खाली वाकून बघायचे. पडली नाहीत.

मे महिन्यात मळणी झाली. पाचव्या वाफ्याचा गहू भरला चोवीस किलो. चौथ्याचा एकेचाळीस.

मोजूने आकडा सांगितल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आबा वाफ्याच्या कडेवर बसले आणि त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. काकू म्हणाल्या, "सहा महिने पाठ आखडली होती, आता जरा मोकळी झाली." आणि तिथेच भिंतीला टेकून बसल्या. चंद्रावर सगळंच सहापट हलकं असतं, पण इतकं हलकं मला तिथे त्याआधी कधी वाटलं नव्हतं. आईबाबांना खाणीवर फोन लावला तर मला बोलताच येईना. आईला वाटलं, वाईट बातमी आहे.

आबांनी अहवालात पहिलंच वाक्य लिहिलं, "चूक माझी होती, मी मुळं पाहिली नाहीत." मुजावर मॅडमनी त्याखाली आपलं पत्र जोडलं. पंधरा दिवसांनी पृथ्वीवरून उत्तर आलं. शेती चालू राहील. मुलं असलेली कुटुंबं तिथेच राहतील. भट्टीच्या दाराशी जिवंत उपयोगी जिवाणूंसाठी वेगळा कप्पा होईल आणि तिथे आलेलं आधी तपासलं जाईल. श्रीमती शेवंता काकडे यांना समज देण्यात येत आहे आणि त्यांचे आभार मानण्यात येत आहेत. दोन्ही एकाच वाक्यात होतं. काकूंनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

जूनमध्ये यान आलं. काकूंच्या नावाने धरलेली जागा कुणी रद्द केलीच नव्हती. मुजावर मॅडम म्हणाल्या, "जागा आहे, तर रिकामी कशाला पाठवायची?" परतीच्या वाटेवर यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या नव्या वसाहतीवर थांबणार होतं. तिथे त्या वर्षी पहिली पेरणी होती आणि त्यांच्या मातीत अजून कुणीच राहायला आलेलं नव्हतं. म्हणून त्या जागेवर एक पेटी ठेवली. आत चौथ्या वाफ्यातली दोन किलो माती, तपासलेली आणि ओलसर.

पट्टा काकूंनी स्वतः आवळला. पेटीवर हात ठेवून म्हणाल्या, "सुखानं नांद गं माय."

दार बंद झालं. काकूंनी हाताची माती झटकली. "चल मिथे," त्या म्हणाल्या, "चाळीस माणसांची कणीक मळायची हाय."